कॅट, मुलाखत आणि माझं मराठी वाचन : सल्ला हवा

हळकुंड
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा नोव्हेंबरात कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या मॅनेजमेंट संस्थांची प्रवेश परीक्षा, देतोय. गणिताची भीती नाही. वडील मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहेत, त्यामुळे हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायला मी शाळेतच शिकलो. डीआयएलआरचे, म्हणजे आकडेवारी आणि तर्काच्या भागातले, तक्तेही आवडीने सोडवतो. घोडं अडतं ते व्हीएआरसीत, म्हणजे इंग्रजी उताऱ्यांच्या भागात.

बरं, वाचत नाही असंही नाही. वाचनालयातली उद्योगपतींची चरित्रं, सहकाराचा इतिहास असलं सगळं वाचून काढलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी कशी उभी केली किंवा धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्र शिकवता शिकवता प्रवरेच्या साखर कारखान्यात कसे उतरले, यावर तासभर बोलेन. पण ऑक्टोपसला मन असतं का यावर इंग्रजी उतारा आला की वाक्य न् वाक्य कळतं आणि शेवटी 'लेखक यातल्या कोणत्या विधानाशी सहमत होणार नाही?' या प्रश्नाला दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात. क्लासवाले सांगतात रोज इंग्रजी अग्रलेख वाच. वाचतोय. मार्क जागचे हलत नाहीत.

दुसरं म्हणजे, मुलाखतीत 'काय वाचतोस' विचारलं तर मराठी सांगितलेलं चालतं का? मित्र म्हणतो, मॅनेजमेंटवरच्या दोन गाजलेल्या इंग्रजी पुस्तकांची नावं पाठ कर. मला खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात.

उंबरठा
अग्रलेख थांबव असं नाही म्हणणार, पण त्यांचा इथे उपयोग थोडा. अग्रलेख लिहिणारा आपली बाजू उघड मांडतो. कॅटचा उतारा तसा सरळ नसतो. लेखक आधी दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडतो, मग 'परंतु' म्हणून वळतो आणि पुढे त्यातलं अर्धं मान्यही करतो. चुकीचा पर्याय बहुतेकदा त्या दुसऱ्याच्या तोंडचा असतो, म्हणून तो ओळखीचा वाटतो आणि आपण टिक करतो.

मी असं करायचो : प्रत्येक परिच्छेदानंतर कच्च्या कागदावर एक ओळ. कोण बोलतंय, आणि लेखक त्याच्या बाजूने आहे की नाही. खुशाल मराठीत लिही, तो कागद कोणी तपासत नाही. सराव झाला की लिहायची गरज उरत नाही. वाचायला मानववंशशास्त्र, कलेचा इतिहास, तत्त्वज्ञान घे, म्हणजे ज्याचा तुला कंटाळा येतो तेच. आणि चाळीस मिनिटांत सगळे उतारे संपवायचा हट्ट सोड. बरोबरला तीन, चुकीला वजा एक. एखादा उतारा सोडून देणं हाही हिशेबच आहे.

माईंचा_डबा
मुलाखतीबद्दल मी सांगते, कारण त्या खुर्चीसमोर मी बसले आहे. मराठी वाचन बिनधास्त सांग, बाळा. त्यांना पुस्तक कुठल्या भाषेतलं याच्याशी देणंघेणं नसतं, पुढचा प्रश्न झेपतो का हे बघायचं असतं. तू सहकार म्हणालास की विचारतील, गुजरातेत आणंदचं दूध (अमूल) चाललं आणि महाराष्ट्रातले कितीतरी साखर कारखाने कर्जात का बुडाले? दूध रोज येतं, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळत राहतो. ऊस एकदाच जातो आणि कारखाना वर्षभराची साखर गोदामात धरून बसतो. इथून सुरुवात कर, राजकारणावर नंतर ये. आणि तू सांगलीचा, म्हणजे हळदीवर येणारच. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं का बंद पडली, सांग बघू?

हळकुंड
माई, हे तर घरचंच! कृष्णाकाठची ती माती अशी की जमिनीखालच्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. नंतर माल गोदामात आणि शीतगृहात गेला. पण वडील म्हणतात, पूर आला नसता तरी पेवं गेलीच असती. पेव एकदा उघडलं की सगळा माल काढावा लागतो, आणि आताच्या व्यापाऱ्याला भाव बघून थोडी थोडी पोती विकायची असतात.

माईंचा_डबा
बघ, वडिलांचं हे शेवटचं वाक्य तिथे सांग. आता एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचे वायदे आहेत, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच्या भावाने होतात, त्याने अडत्याचं काय झालं तेही त्यांनाच विचारून ठेव. इंग्रजीत बोलायचा सराव मात्र हवाच, त्यात सूट नाही.

तिरकस
सगळे आयआयएमची स्वप्नं दाखवताय, फीचं कोणी बोलत नाही. जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे वीस लाखांच्या वर जातात. दिवाणजींचा पगार माहीत आहे मला. एमबीएसाठीची राज्याची सीईटी दे, दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. मुंबईची जमनालाल बजाज संस्था त्यातून मिळते.

उंबरठा
सीईटी द्यावीच, पण फी बघून कॅट सोडू नको. मोठ्या संस्थांसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, मी तसंच घेतलं होतं. शिवाय सहकारातच रस असेल तर आणंदचं इर्मा, म्हणजे ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, तेही बघ, अमूलच्या कुरियन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेलं.

हळकुंड
इर्मा डोक्यातच नव्हतं, आज बघतो. आणखी एक, ओबीसीचा दाखला राज्याचा आहे, तो चालेल ना?

तिरकस
नाही. केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, तोही चालू आर्थिक वर्षाचा. तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघ. फॉर्म ऑगस्टमध्ये सुटतात. सेतू केंद्रात उद्याच जा, तिथली रांग तुला माहीत आहे.