दूध तोडलेली करडे हिवाळाभर सांभाळून बोकड विकणे : हिशेब बसतो का?

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड)

दिवाळीनंतर तीन महिन्यांची, नुकतीच दूध तोडलेली वीस नर करडे घ्यावीत, हिवाळाभर बंदिस्त सांभाळावीत आणि पुढच्या बकरी ईदला विकावीत, असा माझा विचार आहे. घरचा मका व सोयाबीनचा भुसा आहे, पत्र्याची एक शेडही रिकामी आहे. मात्र आमच्याकडे जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली उतरतो, त्यात एवढी लहान करडे टिकतील का? बागेतील गवत व चाळीतील खराब कांदा त्यांना चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (शेळीपालक, सिन्नर)

थंडीपेक्षा मोठी अडचण आपल्या वेळापत्रकातच आहे. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण असावा लागतो आणि गिऱ्हाईक ओठ वर करून दात पाहिल्याशिवाय पैशाची भाषा करत नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते व सध्या ती मे महिन्यात येते, म्हणजे नोव्हेंबरात तीन महिन्यांचे असलेले करडू त्या वेळी जेमतेम नऊ-दहा महिन्यांचे होईल. ईदच गाठायची असेल तर सहा-सात महिन्यांची, शिंग न मोडलेली, न लंगडणारी करडे निवडावीत. लहानच घ्यायची असतील तर धुळवड आणि चैत्रातील गावजत्रा हे गिऱ्हाईक धरावे. तिथे विक्री वजनावर होते आणि वयाचा प्रश्न येत नाही.

आता हिशेब. उस्मानाबादी किंवा संगमनेरी करडू नीट खुराकावर दिवसाला ७० ते ८० ग्रॅम वाढते असे धरले, तर १२ किलोचे करडू चार महिन्यांत २०-२१ किलोपर्यंत जाते. रोज २०० ग्रॅम खुराक धरल्यास या काळात प्रत्येकी २४ किलो लागतो. समजा खुराक ३० रुपये किलो पडला, तर तो खर्च ७२० रुपये होतो. चारा व औषधपाणी वेगळे. कागदावर हे फार गोड दिसते, पण विसातील दोन करडे दगावली तर चार-पाच करडांचा नफा त्यातच जातो. म्हणूनच नगावर खरेदी करू नये, काट्यावर वजन करूनच दर ठरवावा. आणि शक्यतो बाजारातून गोळा करण्यापेक्षा एकाच कळपातून माल उचलावा.

उत्तर २ (येवला)

थंडीने करडे मरत नाहीत. कोंडलेल्या हवेने मरतात. पारा उतरला की लोक शेड चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद करतात, आत लेंडी-मुताचा वास डोळ्यांना झोंबू लागतो आणि आठवड्याभरात खोकला व न्यूमोनिया सुरू होतो. खालची चार फूट बाजू बारदानाने झाकावी, वरचा भाग मोकळा ठेवावा, जमीन कोरडी असावी. प्रत्येक करडाला आठ-दहा चौरस फूट जागा द्यावी.

आणलेली करडे तीन आठवडे वेगळी ठेवून, लेंडी तपासून जंतनाशक द्यावे. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची लस अवश्य टोचावी, ती सुमारे तीन वर्षे टिकते. आंत्रविषाराची लस दोन डोसांत घ्यावी, कारण मक्याचा भरडा एकदम वाढवला की गुबगुबीत करडू रात्रीत मरते ते बहुधा याच रोगाने. पहिले काही दिवस केवळ सुका चारा द्यावा, नंतर खुराक मुठीमुठीने वाढवावा. खुराकात क्षार मिश्रण व मीठ हवेच. पहाटेचे गार पाणी करडे पीत नाहीत आणि धान्यावरच्या नरांना, विशेषतः खच्ची केलेल्यांना, मुतखडा होतो. म्हणून पाणी कोमट करून ठेवावे.

उत्तर ३ (पिंपळगाव बसवंत)

बागेतील गवत मुळीच घालू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर आपण किती फवारण्या घेतो ते आपल्याला ठाऊकच आहे, त्यात मोरचुदासारखे तांबेयुक्त घटक असतात आणि ते यकृतात साठतात. बांधावर शेवरी किंवा सुबाभूळ लावा, तुरीचा भुसा मिळाला तर सोयाबीनपेक्षा उत्तम. कांद्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शेळी गायीपेक्षा तो अधिक सोसते, तरी सडका कांदा लहान करडांना नकोच.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ईदचा बेत सोडतो आणि धुळवडीसाठी दहाच करडे वजनावर घेतो. तुरीचा भुसा आपल्या भागात कोणाकडे विक्रीस असल्यास कृपया इथेच कळवावे.