लांब नळीचे पिस्तूल आणि ब्रिटनचा शस्त्रकायदा: मोजायचे काय, लांबी की माणूस?

सरेवासी (धागाकर्ता)

माझ्या घरातल्या पोलादी कपाटात ०.२२ इंच व्यासाचे एक पिस्तूल आहे. त्याची नळी ३० सेंटिमीटरहून किंचित लांब असून मुठीच्या मागच्या बाजूने एक धातूची सळई निघून थेट कोपराच्या दिशेने जाते. ही सळई कायमची जोडलेली आहे. ती काढता किंवा दुमडता आली असती, तर हे पिस्तूल बाळगल्याबद्दल मला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास झाला असता. ब्रिटनमधले नेमबाज याला एलबीपी (लाँग-बॅरल्ड पिस्टल, म्हणजे लांब नळीचे पिस्तूल) म्हणतात. रिव्हॉल्व्हर असेल तर एलबीआर. गेली काही वर्षे मी त्याने नेमबाजी करतो आहे, आणि या शस्त्रामागचा कायदा मराठी वाचकांपुढे नीट मांडावा व त्यावर मतभेदही ऐकावेत, म्हणून हा धागा काढला आहे.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका इसमाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. त्याच्याजवळची चारही शस्त्रे, म्हणजे दोन पिस्तुले आणि दोन रिव्हॉल्व्हर, रीतसर परवान्यावर होती. त्यानंतर १९९७ साली संसदेने दोन कायदे केले. पहिल्याने ०.२२ पेक्षा मोठ्या व्यासाच्या हातबंदुका बंद झाल्या आणि ०.२२ ची पिस्तुले परवानाप्राप्त क्लबमध्येच ठेवण्याची मुभा राहिली; मे महिन्यात सत्तांतर झाल्यावर आलेल्या दुसऱ्या कायद्याने तीही मुभा गेली. मात्र बंदीची व्याख्या ‘पिस्तूल’ या शब्दावर नव्हे, तर मापावर बेतलेली आहे. नळी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले शस्त्र निषिद्ध ठरते. तोंडाकडून दारू ठासायची शस्त्रे आणि हवेच्या बंदुका यांतून वगळल्या आहेत. म्हणून नळी लांब केली आणि मागे सळई जोडली, की तेच यंत्र रायफलीच्या पंक्तीत बसते आणि सामान्य शस्त्रपरवान्यावर ठेवता येते. अर्धस्वयंचलित रचना (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) असेल तर ती ०.२२ रिमफायर काडतुसापुरतीच, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणाऱ्या लहान काडतुसापुरतीच चालते. रिव्हॉल्व्हर मात्र मोठ्या व्यासाचेही चालते.

माझे म्हणणे असे, की हा परवाना मिळण्याआधी माझी जी पारख झाली, तिच्यातच समाजाची खरी सुरक्षितता आहे, सळईच्या लांबीत नाही. क्लबमध्ये उमेदवारीचे महिने काढावे लागले. दोन ओळखीच्या माणसांनी माझ्याविषयी लेखी हमी दिली. डॉक्टरांकडून माझ्या प्रकृतीची माहिती मागवली गेली, पोलीस घरी येऊन कपाट कोठे व कसे बसवले आहे ते पाहून गेले, आणि मी किती काडतुसे विकत घेऊ शकतो व किती जवळ ठेवू शकतो, याचे दोन वेगळे आकडे परवान्यावर छापले गेले. वर्षभर मी क्लबमध्ये फिरकलो नाही, तर ते पोलिसांना कळवणे क्लबवर बंधनकारक आहे. इतकी पारख झालेल्या माणसाच्या हाती साध्या नळीचे ०.२२ पिस्तूल क्लबच्या आवारापुरते द्यायला हरकत का असावी?

दगडी_पूल

लांबीचा निकष तुम्हाला निरर्थक वाटतो, पण मला तो या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. ६० सेंटिमीटरची वस्तू कोटाच्या खिशात मावत नाही, कमरेला खोचून बसमध्ये चढता येत नाही, आणि बाहेर काढली की दहा माणसांच्या नजरेस पडते. माणसाची पारख करणारा अधिकारी थकतो, चुकतो, भिडेखातर सही करतो. फूटपट्टी तसे काही करत नाही.

पारख कशी फसते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. डनब्लेनच्या त्या इसमाचा परवाना रद्द करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ सालीच लेखी केली होती. तिच्यावर काही झाले नाही. २०२१ साली प्लिमथमध्ये एका तरुणाची शॉटगन मारहाणीच्या प्रकरणानंतर काढून घेतली आणि पुन्हा त्याला परत केली. काही आठवड्यांतच त्याने पाच जणांचे प्राण घेतले, त्यांत त्याची आई आणि एक लहान मुलगी होती. तुम्ही ज्या पारखीवर विसंबता, ती दोन्ही वेळा झालेली होती.

सरेवासी

दगडी_पूल, तुमची दोन्ही उदाहरणे मी नाकारत नाही, पण ती माझ्या बाजूने बोलतात असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्लिमथचे शस्त्र शॉटगन होते. २०१० साली कंब्रियात १२ जणांचा जीव गेला, तेव्हा वापरलेली शस्त्रे शॉटगन आणि ०.२२ रायफल होती. म्हणजे लांब शस्त्रांनीही तोच अनर्थ झाला, आणि डनब्लेन व प्लिमथमध्ये चुकले ते परवाना देणाऱ्यांचे. चूक पारखीत झाली असेल, तर दुरुस्ती पारखीतच व्हायला हवी. प्लिमथनंतर डॉक्टरांकडील माहिती सक्तीची झाली, हे मला योग्य वाटते, आणि त्यापायी नूतनीकरणाला महिनोन्महिने थांबावे लागले तरी माझी तक्रार नाही.

रंकाळा

मी कोल्हापुरात मुलांना नेमबाजी शिकवतो, त्यामुळे खेळाच्या बाजूने थोडे लिहितो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २५ मीटर प्रकारातले संपूर्ण पिस्तूल ३० सेंटिमीटर लांबीच्या पेटीत बसावे लागते आणि त्याची नळी १५३ मिलिमीटरहून लांब असून चालत नाही. ब्रिटनमध्ये नुसती नळीच ३० सेंटिमीटरची हवी. याचा अर्थ, घरी परवान्यावर मिळणाऱ्या शस्त्राने कितीही घाम गाळला, तरी त्या शस्त्रासह ऑलिंपिकच्या रेषेवर उभे राहता येणार नाही. वजन पुढे सरकले की मनगटाची सवय बदलते, चाप दाबतानाचा तोल बदलतो. हाताला लागलेले वळण मोडायला किती दिवस लागतात, हे मी रोज पाहतो.

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतील नेमबाजी डंडीजवळच्या बॅरी बडन येथे झाली. तेथे महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण आणि अनिसा सय्यदने रौप्य जिंकले. ज्या देशात दोघी जिंकल्या, त्या देशातल्या सामान्य मुलीला हा प्रकार क्लबमध्ये जाऊन शिकताच येत नाही. अशा स्पर्धांसाठी आणि राष्ट्रीय संघातल्या मोजक्या खेळाडूंसाठी खास परवानगी काढली जाते. अशी परवानगी मिळू लागण्याआधी तेथील पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागे. खालची पायरीच नसेल, तर वरच्या पायरीवर माणसे यायची कोठून? हवेच्या पिस्तुलाचा १० मीटर प्रकार उरतो, एवढेच.

फोर्थकाठी

मी स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. रंकाळा यांच्या प्रतिसादातील खेळाविषयीची कळकळ मला समजते आणि राहीचे सुवर्ण मलाही अभिमानाचे वाटले होते. पण डनब्लेनमध्ये जी मुले गेली, ती पाच-सहा वर्षांची होती आणि व्यायामाच्या तासासाठी सभागृहात जमलेली होती. माझ्या शाळेचे दार आज बाहेरून उघडत नाही, त्यामागे ती सकाळ आहे. या देशाने त्या वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारला: हजारो लोकांच्या छंदाची किंमत कोणी आणि किती मोजायची? बंदीच्या मागणीच्या अर्जावर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि त्या अर्जाला स्नोड्रॉप हे नाव दिले गेले, कारण त्या महिन्यात उमलणारे फूल तेवढेच होते.

म्हणून मला सळई जोडलेले पिस्तूल ही कायद्यातली पळवाट वाटते. संसदेला जे यंत्र नागरिकांच्या हातून काढून घ्यायचे होते, तेच यंत्र नळी वाढवून आणि लोखंड जोडून परत घरी आणले गेले. कायद्याच्या अक्षराचे पालन झाले, हे मी मान्य करते, पण हेतूचे झाले का? धागाकर्त्यांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही एखादी कापायची करवत आणि एक दुपार मिळाली, की ते शस्त्र पुन्हा आखूड होते.

सरेवासी

फोर्थकाठी, तुमच्या प्रतिसादातला पहिला भाग वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही. त्यावर वाद घालण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही.

पळवाट या शब्दावर मात्र थोडे बोलतो. माप संसदेनेच ठरवले, आणि काढता-दुमडता येणारा दस्ता मापात धरायचा नाही, हेही संसदेनेच लिहून ठेवले. ज्याने ते माप तंतोतंत पाळले, त्याने हेतूला बगल दिली असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. करवतीचा मुद्दा खरा आहे, पण तो प्रत्येक शॉटगनलाही लागू होतो. शिवाय तसे करणाऱ्याने त्याच क्षणी निषिद्ध शस्त्र तयार केलेले असते.

आणखी एक गोष्ट. डनब्लेनच्या चौकशीचे काम न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्याकडे होते. त्यांनी ऑक्टोबर १९९६ च्या अहवालात सरसकट बंदी हा पहिला उपाय म्हणून सुचवला नव्हता. वापरात नसताना पिस्तुलाचा महत्त्वाचा भाग काढून तो क्लबकडे ठेवावा, म्हणजे घरी राहिलेले शस्त्र निकामी असेल, असा विचार त्यांनी आधी मांडला. ते व्यवहार्य नसेल तरच व्यक्तींकडील अशा हातबंदुकांवर बंदीचा विचार व्हावा, असे म्हटले. तो मार्ग सरकारने सोडून दिला. उत्तर आयर्लंड याच राजाच्या राज्यात असून ही बंदी तेथे लागू नाही, तेथे आजही क्लबमध्ये पिस्तूल नेमबाजी होते.

दगडी_पूल

उत्तर आयर्लंडचा दाखला येथे चालणार नाही. तेथे हिंसाचाराच्या दशकांत अनेकांना स्वसंरक्षणासाठी पिस्तुले द्यावी लागली. ती परिस्थिती कोणी अनुकरणासाठी निवडलेली नाही. कलन यांच्या पर्यायाविषयी तुमचे वाचन बरोबर आहे, पण सुटा भाग दुसरीकडून मिळवणे किंवा घडवणे शक्य आहे, हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

तुमच्या बाजूच्या लोकांकडून नेहमी येणारा एक युक्तिवाद तुम्ही केला नाहीत, याबद्दल आभार. बंदीनंतर काही वर्षे हातबंदुकींचे नोंदलेले गुन्हे वाढले, हे खरे आहे, पण ते गुन्हे परवाना नसलेल्या शस्त्रांचे होते आणि पुढे त्यांचे प्रमाण खाली आले. त्या आकड्यांवरून बंदी फसली असे म्हणता येत नाही. तिने गुन्हेगारी संपवली, असे मीही म्हणत नाही.

रंकाळा

क्लबमध्येच शस्त्र ठेवण्याविषयी येथील अनुभव सांगतो. माझ्याकडची बहुतेक मुले रेंजच्या मालकीच्या शस्त्रावर शिकतात. शस्त्र संध्याकाळी कुलपात जाते, मूल रिकाम्या हाताने घरी जाते. पालकांना हीच व्यवस्था सर्वांत आश्वासक वाटते. फोर्थकाठी, तुमचा आक्षेप घरातल्या शस्त्राला आहे की शस्त्रालाच आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

फोर्थकाठी

घरातल्या शस्त्राला जास्त आहे. क्लबच्या तिजोरीत कायम राहणारे, एकेक गोळी भरायचे ०.२२ पिस्तूल, आणि तेही प्रशिक्षकाच्या नजरेखाली, एवढ्यापुरता प्रश्न असेल, तर मी पूर्वीइतक्या ठामपणे नाही म्हणणार नाही. एका दमात दहा गोळ्या झाडणाऱ्या शस्त्राला मात्र माझा विरोध कायम आहे, नळी कितीही लांब असली तरी.

सरेवासी

एकेक गोळीचे पिस्तूल क्लबमध्ये मिळणार असेल, तर माझे सळईवाले पिस्तूल मी उद्या पोलिसांकडे जमा करीन. २५ मीटरच्या स्पर्धेत पाच-पाच गोळ्यांच्या फैरी असतात, त्यामुळे रंकाळा यांच्या मुलांना ते पुरणार नाही, हे मला कळते. मला स्वतःला पुरेल.