पत्त्यांचा ब्रिज सुधारायचाय, पण मजा घालवायची नाही

दादरकर_काका: निवृत्तीनंतर संध्याकाळी शिवाजी पार्कजवळ मित्राकडे चौघं बसतो. बोली बरी जमते, पण सहा-सात हात झाले की बदाम किती गेले तेच आठवत नाही. मास्टर पॉइंट (स्पर्धांतले गुण) वगैरे नकोत. पार्टनरने कपाळाला हात लावू नये, एवढंच ध्येय! काय करू?

चौकटराणी: काका, सगळी ५२ पानं कशाला मोजता? तुमच्या आणि पार्टनरच्या पानांत मिळून हुकूम ८ असतील तर समोरच्या दोघांकडे ५च. तेवढेच मोजा. ते त्या दोघांत ३-२ वाटले जाण्याची शक्यता ६८ टक्के, ४-१ची २८. आणि डमी (पार्टनरची टेबलावर मांडलेली पानं) उघडली की लगेच पान टाकू नका. तीन नोट्रंपला (हुकुमाशिवाय खेळायची बोली) ९ हात लागतात. आधी हक्काचे मोजा, मग उरलेले कुठून काढायचे ते बघा.

किलवर_सत्ती: डाव संपल्यावरचं पोस्टमॉर्टेम आधी बंद करा. आमच्याकडे त्यापायी दोघं बोलेनासे झालेत! चर्चा चहाच्या वेळी. वयाचं म्हणाल तर २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये शिबनाथ सरकारांसोबत ब्रिजचं सुवर्ण जिंकलं तेव्हा प्रणब बर्धन ६० वर्षांचे होते.

दादरकर_काका: ५ मोजणं झेपेल. चहाचं पार्टनरला सांगून बघतो, ऐकेल असं वाटत नाही.