हळद पावडरच्या छोट्या धंद्याचा उद्देश नेमका लिहायचा कसा?

प्रश्न
सांगलीत हळद पावडरचं छोटं युनिट आहे. एक पल्व्हरायझर (दळायचं मशिन), पॅकिंगला दोघीजणी, महिन्याला साधारण 300 किलो माल. पाकिटावर 'शुद्धता आणि गुणवत्ता हेच आमचे ध्येय' छापलंय, पण त्यावरून रोजचा एकही निर्णय होत नाही. कोणी मिरची दळून मागतं, कोणी हॉटेलसाठी स्वस्त माल. हो कशाला म्हणायचं, नाही कशाला?

उत्तर 1: कृष्णाकाठ
पाकिटावरची ही ओळ कुंकवाच्या पुडीवरसुद्धा चालेल, म्हणून ती तुमची नाही. आधी तीन महिन्यांचं बिलबुक काढा. पुन्हापुन्हा येणारी दहा गिऱ्हाइकं निवडा आणि फोनवर एवढंच विचारा, 'आमचीच हळद का घेता?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सात जण 'वास चांगला येतो' म्हणाले तर तुमचा धंदा वासाचा. 'घरपोच मिळते' म्हणाले तर तो वेगळा धंदा झाला, ओळही वेगळी होणार.
मग लिहा: 'सांगली-मिरजेतल्या घरगुती स्वयंपाकासाठी, दर पंधरा दिवसांनी ताजी दळलेली, वास टिकवलेली हळद.' गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवं आणि तुम्ही कशाला बांधलेले, हे तिन्ही त्यात आलं. आता एकेक शब्द खोडून बघा. खोडल्यावर कामात काही फरक पडत नसेल तर तो शब्द नकोच.

उत्तर 2: हळकुंड
वरच्या उत्तरातल्या ओळीत 'सांगलीची हळद' घालायचा मोह होईल, तिथे थांबा. सांगलीच्या सौद्यात (हळदीच्या लिलावात) कर्नाटकातून, तेलंगणातूनही माल येतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख) मिळालं, पण तो शिक्का पाकिटावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. एकाच तालुक्याचा माल वर्षभर द्यायचा तर तो हंगामातच भरून ठेवावा लागेल. महिन्याला 300 म्हणजे वर्षाला 3600 किलो, घट धरून 3800. किलोला 150 रुपये धरले तरी 5 लाख 70 हजार अडकले, वर पावसाळ्यात किडीची आणि ओलीची राखण. एवढं भांडवल नसेल तर तो शब्द देऊ नका. पाकिटावर दळल्याची तारीख टाका, ती पाळणं तुमच्या हातात आहे.
'ताजी' शब्दालाही किंमत आहे. हळकुंड मशिनमध्ये घाईने सोडलं की पावडर गरम बाहेर पडते आणि वासाचं तेल तिथेच उडतं. गरम पावडर पाकिटात भरली तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात. स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरा, हाताला गार लागली की मगच भरा. पावडरीतला ओलावा 10 टक्क्यांच्या आत हवा, तेव्हा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

उत्तर 3: पेव
त्या ओळीखाली 'हे करणार नाही' असं ठळक लिहा, आणि ती पाटी ऑफिसात नको, पल्व्हरायझरशेजारी लावा. उदाहरणार्थ: या मशिनवर मिरची दळणार नाही (जाळीत, पिशवीत तिखट राहतं आणि पुढच्या घाण्याच्या हळदीला झोंबतं). पिवळेपणा कमी म्हणून रंग घालणार नाही. भेसळीचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, हे विष आहे आणि कायद्यानेही बंद आहे. दळल्यावर दोन महिने झालेला माल दुकानात राहू देणार नाही, परत आणणार.
हॉटेलवाल्यांना तुमचाच माल तुमच्याच दराने हवा असेल तर जरूर द्या. त्यांच्यासाठी हलका माल वेगळा दळायला लागलात की पॅकिंगवाल्या बायकांना दोन ढीग सांभाळावे लागतात, आणि अदलाबदल तिथेच होते.
सोबत एक वही ठेवा: नाकारलेली ऑर्डर, तारीख, कारण. तीन महिन्यांत वही कोरीच राहिली तर ओळ अजून सैल आहे, पुन्हा बिलबुकापासून सुरू करा.