ग्रंथालयातले मामा: तुमच्याही आठवणी लिहा

सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला माहेरी आले होते, तेव्हा वीसेक वर्षांनी कॉलेजात जाऊन आले. मी २००३ची बी.ए. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. माझ्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. आता काउंटरवर संगणक आलेत. मागच्या खोलीत मामा मात्र तसेच, मांडी घालून पुस्तकं बांधत बसलेले. वर बघून म्हणाले, "इतिहासवाली ना गं तू? खिडकीपाशी बसायचीस." नाव नाही आठवलं त्यांना, जागा आठवली. मला भरूनच आलं.

मैद्याची खळ ते स्वतः शिजवतात. कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. पुस्तकाच्या पाठीला कापडी पट्टी लावताना अंगठा मधून कडेला असा दाबत नेतात, की खाली एक फुगा राहत नाही. हा हात कुठून आला, हे परवा पहिल्यांदा विचारलं. घरी हातमाग होता, लहानपणी सुताला खळ द्यायचे! तीन वर्षं रोज समोर पाहिलेल्या माणसाला हे कधी विचारलं नाही, याची रुखरुख लागलीय.

जूनमध्ये मामा निवृत्त होतायत. तुम्ही लिहा, मी सगळं कागदावर उतरवून त्यांच्या हातात देणार आहे.

बी.कॉम., २००९
आम्ही पूर्व भागात राहायचो. खाली मालकाचे यंत्रमाग, वर आम्ही सहा जण. रात्रपाळी सुरू झाली की मांडणीतली भांडी थरथरायची, तिथे कॉस्टिंगची गणितं कुठली सुटणार? अभ्यासिका आठला बंद व्हायची. मामांनी प्राचार्यांकडून परीक्षेपुरती दहापर्यंतची परवानगी आणली आणि स्वतः रोज दहापर्यंत थांबले. एकदा आई शोधत आली, दिवसभर विड्या वळून थकलेली. तिला मराठी धड येत नव्हतं. मामा तिच्याशी तेलुगूत बोलले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यांनी मला खुर्ची दिली."

बी.एस्सी., २०१४
बुक बँकेची अनामत मामांनी भरली होती. मी तीन हप्त्यांत फेडली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून आज मी सांगतेय.

बी.ए., २०१८
मी संदर्भग्रंथातलं एक पान फाडून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मामांनी ते पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. मी रडतच पान आणून दिलं. मग शेजारी बसवून त्यांनी ते माझ्याकडूनच चिकटवून घेतलं: पातळ कागदाची पट्टी, बोटभर खळ, वर वजन. आता मी शाळेत शिकवते. वर्गातली फाटकी पुस्तकं मीच सांधते.

२००३ची बी.ए.
सगळं उतरवून घेतेय. बी.कॉम.वाल्या दादा, आईंनाही सांगा ना काही सांगायला. तेलुगूत लिहून पाठवलंत तरी चालेल, मामांना वाचता येतं.