काळोख्या भविष्यकथा मराठीला परक्या? (शतपावली यांच्या लेखाला उत्तर)

कोरा_कागद

परवा शतपावली यांनी लिहिलं की डिस्टोपिया, म्हणजे काळोख्या भविष्याची कथा, हे युरोपातल्या दोन महायुद्धांचं दुखणं आहे, आपले तरुण लेखक ते उसनं आणून मिरवतात, आणि मराठी विज्ञानकथेने नारळीकरांची आशेची वाट सोडू नये. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग लागलेली पाहून राहवेना, म्हणून हा वेगळा धागा.

उसनं कशाला आणायचं? १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरांत, पार देवघरापर्यंत शिरत होते. माणसं छावण्यांत नेली जात होती, घरातलं सामान रस्त्यावर येत होतं. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा २०२० साली पुन्हा बाहेर निघाला आणि आपण सगळे त्याखाली घरात बसलो. एवढं हाताशी असताना आम्ही लंडनकडे बघत लिहितो म्हणे!

आणि ज्या नारळीकरांचा दाखला देता त्यांच्या 'वामन परत न आला'मध्ये काय आहे? स्वतःच घडवलेल्या यंत्रांपायी बुडालेली एक पुढारलेली संस्कृती, आणि आपण त्याच वाटेने निघालो आहोत ही धास्ती. ही कादंबरी तुमच्या आशेच्या वाटेवर कुठे बसते?

रशियात झाम्यातिन या लेखकाने १९२० च्या सुमारास एका कादंबरीत माणसांना नावांऐवजी आकडे असलेलं राज्य रंगवलं. हा माणूस पेशाने जहाजं बांधणारा इंजिनिअर. त्याच्या स्वतःच्या देशात ते पुस्तक छापायला १९८८ साल उजाडलं. नुसत्या उदासीला कुठलं सरकार इतकं घाबरतं?

माझा अनुभव सांगतो. एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. मराठवाड्यातलं एक शहर, पाणी कार्डावर, कार्ड हरवलेली एक बाई. संपादकांचा फोन आला, "छान आहे, फक्त शेवटी पाऊस पाडा." मी नाही म्हणालो, कथा परत आली. मराठीत डिस्टोपिया का नाही याचं उत्तर मला त्या फोनवर मिळालं.

शतपावली

तुमचा राग संपादकावर आहे, तो माझ्यावर काढू नका.

मी तालुक्याच्या गावी वाढलो. वाचनालयात दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे असायचे, त्यातल्या विज्ञानकथांनी मला भौतिकशास्त्राकडे ओढलं. पुढे आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं. भीती वाटली म्हणून कुठलं पोर प्रयोगशाळेत शिरलेलं मी पाहिलं नाही. कुतूहलाने शिरलेली कितीतरी पाहिली. मराठीत आधीच वाचणारे थोडे, त्यांच्या हातात तुम्ही आणखी एक ओझं देणार. दिवसभर बातम्यांत जे पाहतो तेच रात्री कथेत कशाला वाचू?

'वामन'बद्दल म्हणाल तर त्यात इशारा आहे, पण लेखकाचा माणसाच्या बुद्धीवर विश्वासही आहे. तुमच्या पिढीच्या कथांत तोच सापडत नाही.

निवृत्त_अभियंता

दोघांचंही वाचलं. माझी तक्रार तिसरीच आहे. हल्ली भविष्यकथा लिहिणारे साधा गुणाकार करत नाहीत. शहर लाखोंचं आणि पाणी येतं एका विहिरीतून!

कोरा_कागद, तुमचं शहर म्हणजे लातूर असणार. मग आकडे घ्या. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वेगाडी गेली ती १० वाघिणींची (टाकीच्या डब्यांची), दर वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३ लाख ८० हजारांच्या वर. माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे ५० वाघिणी झाल्या तेव्हा साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. हा हिशोब कथेत आला असता तर संपादकाने पाऊस मागितला नसता.

मांजराकाठ

साहेब, हिशोब पुरे झाला. मी तेव्हा लातुरात बारावीला होतो, हॉस्टेलवर. तुमचं माणशी सव्वा लिटर आमच्या बादलीत आलंच नाही.

मेसच्या मावशींनी मार्चमध्येच ताटं बंद करून पत्रावळ्या सुरू केल्या. ताट धुवायला पाणी कुठलं? भाजी रोज कोरडी. आंघोळ आठवड्यात एकदा, तीही परातीत बसून, मग परातीतलं पाणी संडासाला. पाण्याच्या टाक्यांभोवती कलेक्टरांनी जमावबंदी लावली होती, १४४ कलम. घागर घेऊन पाच जण उभे राहिले तर गुन्हा. लातूर पॅटर्न म्हणून गावोगावची पोरं शिकायला यायची, त्या वर्षी बॅगा भरून परत निघाली.

आणि आता तुम्ही लोक शहरात बसून आमच्या तहानेवर डिस्टोपिया लिहिणार. एकाला त्यातून दिवाळी अंक पाहिजे, दुसऱ्याला गुणाकार.

कोरा_कागद

मग मी काय फक्त माझ्या सोसायटीच्या पार्किंगवर लिहायचं? तुम्ही सोसलंत, मान्य. पण त्या जमावबंदीची बातमी लातूरबाहेर कुणाला आठवते, विचारून बघा. देशाने एप्रिलमध्ये गाडी पाहिली, पावसाळ्यात विसरून गेला. बातमी विसरली जाते म्हणून तर कथा लागते. 'द हँडमेड्स टेल' लिहिताना मार्गारेट ॲटवुडने नियम घातला होता की माणसांनी कुठे ना कुठे आधीच केलेलं नाही असं काही त्यात घालायचं नाही. मीही तेच करतोय. जमावबंदी २०१६ ची, कार्ड उद्याचं.

निवृत्त_अभियंता

आता मलाही बोलायला हवं. ती गाडी म्हणजे डिस्टोपिया नव्हे! राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाघिणी वाफेने धुतल्या, मिरजेला भर उन्हात जलवाहिनी टाकली, लोकांनी रात्रपाळ्या केल्या. इतक्या लांब रेल्वेने पाणी नेऊन एक शहर जगवलं. ज्यांनी हे केलं त्यांच्यावर काळोखी कथा लिहिणं हा त्यांचा अपमान आहे. शतपावली म्हणतात ती आशा ती हीच.

मांजराकाठ

गाडी आणणाऱ्यांचे उपकार आहेत, ते मी कधी नाकारले? पण गाडी आणायची वेळ का आली ते कोण लिहिणार? लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा नदीच्या खोऱ्यातला ऊस दिसला नाही का तुम्हाला? धरण कोरडं पडेपर्यंत कारखान्यांचे बॉयलर पेटत होते. स्टेशनवर गाडीचं स्वागत झालं आणि पुढच्याच महिन्यात रेल्वेचं ४ कोटींच्या घरातलं बिल कलेक्टर ऑफिसात. हेही घाला तुमच्या आशेत.

निवृत्त_अभियंता

ऊस हा शेतीचा प्रश्न आहे, इथे अवांतर होतंय.

मांजराकाठ

पाण्याच्या धाग्यावर ऊस अवांतर? कमाल आहे.

ओवी

इतके प्रतिसाद झाले, आकडे झाले, वाघिणी झाल्या. पाणी भरतं कोण हे एकानेही लिहिलं नाही. मेसच्या मावशी आल्या त्या पत्रावळीपुरत्या.

उसनवारीचा मुद्दा निघालाच आहे तर हे घ्या. रुकैया सखावत हुसेन या बंगाली बाईंनी १९०५ साली मद्रासच्या मासिकात 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. पुरुष घराच्या आत, कारभार बायकांचा, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, आणि विद्यापीठातल्या बायका फुग्याला नळ्या जोडून थेट ढगातलं पाणी उतरवतात. दोन महायुद्धांच्या आधीचं आहे हे, आणि आपल्या उपखंडातलं. शतपावली, यात तुमची आशा आहे आणि कोरा_कागद, यात तुमचा रागही आहे. जिला पाणी वाहावं लागतं तिला दोन्ही लागतं. तुम्ही दोघं एकेक धरून बसलात.

माझी आजी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची आणि परतताना डोक्यावर हंडा. ती गोष्ट सांगायची तेव्हा शेवटी पाऊस नसायचा. आम्ही तरी रोज तीच मागायचो.

शतपावली

ओवी, ही कथा मी वाचलेली नव्हती, आता मिळवून वाचतो. माझा मूळ आक्षेप तसाच आहे. नुसती भीती घालणारी कथा मला नको. पण राग असेल आणि तो कुणावर आहे हे दिसत असेल, तर शेवटी पाऊस नसला तरी मी वाचेन. इतकंच कबूल करतो, यापुढे ओढू नका.

मांजराकाठ

कोरा_कागद, लिहायचंच तर गाडी नका लिहू. ती सगळ्यांनी पाहिली. मावशी लिहा.

कोरा_कागद

बाकी वाद नंतर. मावशी मेससाठी पाणी कुठून आणायच्या?

मांजराकाठ

विकतचा टँकर. घरमालकाशी निम्मेनिम्मे. पोरांकडून मात्र महिन्याचे पैसे तेवढेच घ्यायच्या, म्हणायच्या परीक्षा होऊ दे तुमची. मे महिन्यात मेस बंद पडली आणि मावशी आपल्या मुलीकडे निघून गेल्या. मोठी पातेली भंगारात घातली. लिहिणार असाल तर आधी मला वाचायला पाठवा, चुकलं असेल तिथे सांगेन.