'इकिगाई'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

जगातल्या दीर्घायुषी समाजांच्या राहणीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. जपानमधलं ओकिनावा, इटलीतलं सार्डिनिया, कोस्टा रिकातलं निकोया, ग्रीसमधलं इकारिया आणि कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा, ही पाचही ठिकाणं त्यात आहेत. ओकिनावाच्या तीन शब्दांशी अडले: इकिगाई, हारा हाची बू आणि मोआई. सध्या 'जीवनध्येय', 'ऐंशी टक्के पोट' आणि 'आधारगट' असं लिहिलंय. पण वाचताना म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वाटतच नाही, एखाद्या शिबिराचं पत्रक वाटतं. काही सुचवाल का?

उत्तर

ताई, 'जीवनध्येय' आधी खोडा. ध्येय म्हटलं की ते पुढे कुठेतरी असतं, गाठायचं असतं आणि गाठलं की संपतं. 'इकि' म्हणजे जगणं आणि 'काई' म्हणजे मोल. जोडताना 'काई'चं 'गाई' होतं. नव्वदी ओलांडलेल्या आजींना सकाळी उठून वाफ्यातल्या भाजीला पाणी घालायचंय, दुपारी पणतीला मांडीवर घ्यायचंय, आणि त्यासाठी उठावंसं वाटतं. एवढंच इकिगाई. त्यात गाठायचं काही नाही.

मराठीत हे आपण उलट बाजूने नेहमी बोलतो: 'आता जगण्यात राम उरला नाही.' हा जो 'राम' आहे ना, तोच इकिगाई. 'आजींना अजून जगण्यात राम वाटतो' असं लिहून पाहा, वाक्य लगेच घरातलं होतं. 'सार्थक' हा शब्दही जवळचा आहे, पण 'जन्माचं सार्थक झालं' हे काहीतरी पार पडल्यावर म्हणतात, म्हणून तो जपून वापरा.

आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई अशी चार वर्तुळांची आकृती लेखात असेल, तर ती ओकिनावाच्या नावावर घालू नका. मार्क विन या ब्लॉगलेखकाने 2014 साली आधीच प्रचारात असलेल्या एका आकृतीच्या मधोमध 'इकिगाई' हा शब्द ठेवला. मूळ शब्दाला कमाईची अट नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या आकृतीने वाफ्याला पाणी घालणाऱ्या आजींनाच बाहेर ठेवलंय.

'मोआई'ला सरळ 'भिशी' म्हणा. ओळखीची माणसं ठरलेल्या दिवशी जमतात, प्रत्येकजण ठरलेली रक्कम टाकतो आणि जमलेले पैसे पाळीपाळीने एकेकाला मिळतात. पैशाच्या निमित्ताने गाठीभेटी होतात आणि अडीनडीला हीच माणसं धावून येतात. 'आधारगट' म्हटलं की आधी आजार डोळ्यांपुढे येतो.

दुसऱ्या वाचकाचं मत

राम आणि भिशी, दोन्ही पटले. हारा हाची बूला 'आठ आणे पोट' कसं वाटतं? 'हाची' म्हणजे आठच ना?

उत्तर

आठ खरे, पण कशातले आठ ते बघायला हवं. 'हारा' म्हणजे पोट, 'हाची' आठ आणि 'बू' म्हणजे दहावा हिस्सा. दहातले आठ भाग भरले की हात आखडायचा. आपला रुपया सोळा आण्यांचा, म्हणजे आठ आणे पोट हे अर्धपोटी झालं, आणि ते उपासमारीकडे झुकतं. 'बारा आणे पोट' म्हणा. हिशोबाने पंचाहत्तर टक्के होतात, पण बोलण्यात ते ऐंशीच्या पुरेसं जवळ आहे. शिवाय अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि चौथा मोकळा ठेवायला सांगितलाय. तेही बारा आणेच.

'मिताहार' चुकीचा नाही, पण तो उपदेशाचा शब्द आहे. जेवायला बसताना स्वतःलाच आठवण करून द्यायला तोंडात छोटं वाक्य हवं. 'दोन घास कमी' हेही चालेल.

पहिला प्रश्न, पुढे

फार उपयोग झाला. या पाच ठिकाणांना लेखात 'ब्लू झोन' म्हटलंय, त्याचं 'नीलक्षेत्र' करू का?

उत्तर

नको. त्या निळ्याला काही अर्थ नाही. मिशेल पुलँ आणि जियानी पेस हे संशोधक सार्डिनियाच्या नकाशावर शंभरी गाठलेल्यांची दाट वस्ती निळ्या शाईने दाखवत होते, 2004 च्या त्यांच्या निबंधातून नाव रूढ झालं, एवढाच संबंध. 'नीलक्षेत्र' वाचून लोक समुद्र शोधतील. 'ब्लू झोन' तसंच ठेवा, आणि एकदा 'शतायुषींचा पट्टा' अशी फोड करा.

जाताजाता, तिथे 'आयुर्मान जास्त' लिहू नका. आयुर्मान ही सरासरी असते, बालमृत्यू घटले तरी ती वाढते. या नकाशावर मोजलं होतं ते वेगळं: त्या भागात जन्मलेल्यांपैकी शंभरीपर्यंत पोचले किती.